तीन जूनचे साठ होल

सिंदी मेघे, वर्धा
१७ जानेवारी १९७८

ती. अक्कास, रूपाचा नमस्कार.

तिळगूळ तानबाच्या हातून मिळाला. तुझा मुलगा पाच मिनिटंसुद्धा टेकला नाही. कापसाची गाडी बाजारात उभी होती म्हणून चहाही उभ्यानेच घेतला. तुझ्या भावजयीने, मंदाने, लाडू डब्यात लपवून ठेवले होते, त्यातले दोन मी शोधून खाल्ले.

आता कामाचं लिहितो. येत्या तीन जूनला मला साठ वर्षं पूर्ण होतील. आपल्या घरात साठी कोणा पुरुषाने पाहिलेली नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आजोबा पन्नाशीत गेले, बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि बबनदादा साठीला दोन महिने कमी असताना. दादाच्या तेरवीला गावचे बापूराव पंगतीत बसून मोठ्याने म्हणाले होते, "नानाजीच्या घरात साठीचा शेला घ्याले माणूसच उरत नाई." लोक हसले. मीही हसलो. पण गेली पाच वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं आहे की त्या दिवशी घरात बसून वाट बघायची नाही. छावणीच्या मैदानावर गोल्फचे साठ होल खेळायचे, एकाच दिवशी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत.

तू विचारशील, हे काय. छावणीच्या स्टोअरमध्ये मी चौतीस वर्षं काढली. शेवटची बारा वर्षं मोठ्या साहेबांनी गोल्फच्या मैदानाचं कामही माझ्या गळ्यात घातलं होतं. बाभळी आणि निंबांच्या मधून नऊ भोकं केलेली आहेत, त्यांना होल म्हणतात. एक होल गाठायला तीनशे-चारशे पावलं. काठीने चेंडू मारत न्यायचा, भोकात पाडायचा आणि किती टोले लागले ते आपणच कार्डावर लिहायचं. नऊ संपले की पुन्हा पहिल्यापासून. साहेब लोकांनी मला शिकवलं, आणि रिटायर झाल्यावरही खेळायची परवानगी दिली आहे. साठ होल म्हणजे मैदानाचे साडेसहा फेरे आणि वर थोडं.

तब्येत ठणठणीत आहे. काळजी करू नये.

तुझा
रूपा

*

अल्लीपूर
२ फेब्रुवारी १९७८

चि. रूपास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी चौथी पास आहे, मला वाचून दाखवायला कोणी लागत नाही. एकदा वाचून खरं वाटलं नाही म्हणून दुसऱ्यांदा वाचलं.

लोक साठीला सत्यनारायण करतात. कोणी गावजेवण घालतो. आणि आमचा भाऊ काठी घेऊन ढेकळांतून चेंडू हाकणार. शोभाला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "मामाजीले काऊन सुचून राह्यलं हे?" मी सुनेला काय उत्तर देऊ?

बापूरावांचं तू मनावर घेतलंस, याचा मला राग आला. त्या माणसाने आयुष्यात एक शब्द विचार करून उच्चारलेला नाही. बाबा गेले ते पायात काटा मोडून विष चढलं म्हणून. बबन गेला तो दारूने, आपण घरातले ते बोलत नाही एवढंच. यात साठीचा काय संबंध?

आणि तीन जून म्हणजे रोहिणी नक्षत्र. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. माणसाने माणसासारखं घरात माठाजवळ बसावं.

आणखी एक. तानबा सांगत होता की मामाने पाणी पिताना खिशातून डबी काढून गोळी जिभेखाली ठेवली. पोटाची गोळी गिळतात, जिभेखाली ठेवत नाहीत. काय आहे ते सरळ लिही.

अक्का

*

सिंदी मेघे
१० मार्च १९७८

ती. अक्कास नमस्कार.

गोळी पित्ताची आहे. नवीन निघाली आहे, ती जिभेखालीच ठेवतात. तानबाला म्हणावं, मामाच्या खिशापेक्षा सरकीच्या भावाकडे लक्ष दे.

सराव चांगला चालू आहे. पहाटेच्या पॅसेंजरने छावणीला जातो. मागच्या गुरुवारी सत्तावीस होल झाले. पळस फुलला आहे. सहाव्या होलच्या अलीकडे रोह्यांचा कळप उभा असतो, साहेब लोक त्यांना नीलगायी म्हणतात, चेंडू जवळून गेला तरी हलत नाही. हिरवळ वगैरे आपल्याकडे कुठली. भोकाभोवती वाळूत तेल मिसळून दाबलेला गोल असतो. आपली पावलं उमटली की पुढच्या माणसासाठी लाकडी फळीने ती पुसून काढायची. हे काम मला खेळण्यापेक्षाही आवडतं. जमिनीला आता भेगा पडू लागल्यात. चेंडू भेगेत गेला तर दंड नाही, असा इथला नियम मीच साहेबांकडून करून घेतला होता.

सदाशिवराव सोबत येतात. तुला आठवत असतील, स्टोअरमध्ये माझ्या हाताखाली होते, तेही रिटायर आहेत. ते खेळत नाहीत, माझं कार्ड धरतात. परवा गंमत झाली. मी काठी नुसती टेकवली आणि चेंडू अर्धं बोट सरकला. मी म्हटलं, एक टोला लिहा. ते म्हणाले, "रूपराव, कोन पाह्यलं? सोडा ना." मी म्हटलं, मी पाहिलं. त्यांनी मान हलवत लिहिलं.

अक्का, या खेळात पंच नसतो. कार्डावर खोटा आकडा लिहून सही केली तर अख्खा खेळ बाद. चौतीस वर्षं मी स्टोअरच्या पुस्तकात एक खिळा इकडचा तिकडे लिहिला नाही, म्हणून हा खेळ मला मानवला असावा. साहेब लोक येतात, बदली होऊन जातात. कार्ड मात्र ज्याचं त्याच्यापाशी राहतं.

दुपारी अकरा ते चार मी निंबाखाली झोपणार आहे, तेवढी अक्कल मला आहे.

रूपा

*

अल्लीपूर
१९ एप्रिल १९७८

रूपा,

मंदा इथे लग्नाला आली होती ते तुला माहीत आहे. लग्न आटोपल्यावर मी तिला मागच्या खोलीत नेलं. पित्ताच्या गोळीचं विचारलं. पहिल्यांदा ती पदराशी खेळत बसली. मग रडली.

"अक्का, दिवाळीत त्याइच्या छातीत कळ आलती. डाक्टरनं मशीनवर छातीची पट्टी काढली. म्हने जिना चढाचा नाई, उन्हात फिराचं नाई, वजन उचलाचं नाई. मी बोलली तर म्हन्ते, तू अक्काले सांगशीन तर मी तुह्याशी बोलनार नाई."

आता बोलू नकोस तिच्याशी. माझ्याशी बोल.

तू दिवाळीपासून मला फसवतो आहेस. संक्रांतीला लाडू चोरून खाल्ल्याची गंमत लिहितोस आणि हे लिहीत नाहीस. चेंडू अर्धं बोट सरकला तर टोला लिहून घेतोस, आणि मोठ्या बहिणीला पित्त म्हणून सांगतोस. हा कुठला हिशेब?

माय गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. चुलीपुढे माझा हात पातेल्याला पुरत नव्हता, पाटावर उभी राहून मी तुम्हा दोघांना रांधून घातलं. बबन गेला. आता तू एकटा आहेस. मला कोणाच्या साठीशी घेणं नाही, मला माझा भाऊ पाहिजे.

काठ्या सदाशिवरावांना देऊन टाक आणि तसं मला लिहून कळव. एका ओळीचं कार्ड पुरे.

अक्का

*

सिंदी मेघे
४ मे १९७८

ती. अक्कास नमस्कार.

फसवलं हे खरं. माफी मागतो. मंदाशी बोलतो आहे, तशी चिंता नको.

पण काठ्या दिल्या नाहीत. का, ते एकदा नीट सांगतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

कळ आली त्या दिवसापासून मी जगत नाही, अक्का. मी दिवस मोजतो. रात्री डाव्या कुशीवर वळायला भितो. दाराशी कोणी जोरात हाक मारली तर हात छातीवर जातो. नातू कडेवर घे म्हणून हात पसरतो आणि मी त्याला नाही म्हणतो. सकाळी उठलो की पहिला विचार येतो, आज राहिले इतके. दादालाही शेवटी असंच झालं असणार. त्याची दारू साठीच्या भीतीने वाढली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुला माहीत नाही, तो मला म्हणाला होता, "रूपा, मले वाटते आपल्यावर कोनाची तरी नजर हाये."

डॉक्टर म्हणतात तसं खाटेवर पडून तीन जून काढला, तर चार जूनला मी काय असेन? तसाच पडलेला. भीती खाटेवरच बसून राहील. पण त्या दिवशी संध्याकाळी साठावा चेंडू भोकात पडला, तर मी मोकळा होईन. मग डॉक्टर म्हणतील तसं वागेन, जिनासुद्धा चढणार नाही. मला फक्त हा एक दिवस माझ्या पायांवर ओलांडू दे.

मेलो तर मेलो असं मी म्हणत नाही. मला जगायचं आहे, म्हणून तर हे करतो आहे. एवढं तू समजून घेशील असं वाटतं.

रूपा

*

अल्लीपूर
१७ मे १९७८

चि. रूपास आशीर्वाद.

हे पत्र दार लावून, एकटा बसून वाच.

जे मी मरेपर्यंत बोलणार नव्हते, ते आज लिहिते. तीन जून हा तुझा जन्मदिवस नाही.

तू कार्तिकात झालास, १९१६ साली. कापसाची पहिली वेचणी होती. माय सीतादहीचा दहीभात घेऊन शेतात गेली, पूजा मांडली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. बायांनी लुगडी धरून आडोसा केला. मी आठ वर्षांची होते, बांधावर उभी होते. तुझी नोंद झालीच नाही, कारण कोतवाल त्या महिन्यात तापाने पडला होता.

मग १९१८च्या जूनमध्ये, तीन तारखेला, मायला आणखी एक मुलगा झाला. त्याची नोंद झाली. कोतवाल बुकात नाव लिहीत नाहीत, नुसतं ‘नानाजीस मुलगा’. त्याच साली दिवाळीनंतर मानमोडीचा ताप आला. गावात रोज चार-पाच जण जात होते, लाकडं पुरत नव्हती. माय गेली आणि तिच्यानंतर चौथ्या दिवशी ते पाच महिन्यांचं पोर गेलं. तू दोन वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. बाबा पुन्हा त्या पोराचं नाव घेऊ देत नसत.

तुला शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख मागितली. कोतवालाने बुक उघडलं, बोट फिरवलं, ‘नानाजीस मुलगा, ३ जून’ एवढं सापडलं. बाबांना वाचता येत नव्हतं. ते हो म्हणाले. मास्तरांनी तेच लिहिलं आणि तेच तू आजवर सगळीकडे लिहीत आलास.

म्हणजे रूपा, तुला साठ वर्षं होऊन दीड वर्ष झालं. १९७६च्या कार्तिकातच तू साठी ओलांडलीस. त्या दिवशी तू बहुतेक बाजारातून वांगी आणत होतास आणि तुला काही झालं नाही. नानाजीच्या घरात साठी बघणारा पुरुष झालेला आहे. तुला ज्याचं भय होतं ते मागे पडलं. आता त्या उन्हात काय सिद्ध करायचं राहिलं?

काठ्या ठेव. नातवाला कडेवर नाही, मांडीवर घे. आणि मला लिही.

अक्का

*

सिंदी मेघे
२४ मे १९७८

ती. अक्कास,

तुझं पत्र शनिवारी आलं. 

पहिल्या रात्री मी हसलो, हे खरं सांगतो. मंदा घाबरून उठून बसली. साठी ओलांडली आणि मला पत्ताच नाही. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, झोप लागली.

पण सकाळी उठल्यावर दुसरंच सुचत गेलं.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालो असं समजत होतो. म्हणजे शेवटचं दीड वर्ष मी त्या खुर्चीत बसायला नको होतो. माझ्या मागे सदाशिवराव होते. मुख्य स्टोअरकीपर व्हायचं त्यांचं फार मनात होतं, त्यांच्या बायकोने तर तशी पाटीही रंगवून ठेवली होती. मी जायच्या तीन महिने आधी ते रिटायर झाले, हाताखालचेच राहून. त्यांचं दीड वर्ष माझ्या खोट्या तारखेने खाल्लं. मी मुद्दाम केलं नाही हे ठाऊक आहे. चेंडू मुद्दाम सरकवला नाही म्हणून टोला माफ होत नाही. मी ऑफिसला तसं कळवणारं पत्र टाकलं आहे. सदाशिवरावांना तोंडावर सांगणार आहे.

आणि ते पोर. साठ वर्षं मी त्याच्या दिवशी गोड खाल्लं. शाळेत त्याच्या दिवसावर बसलो, नोकरी त्याच्या दिवसावर केली, लग्नाची पत्रिकासुद्धा त्याच दिवसावरून जुळवली. त्याच्यासाठी घरात कोणी एक दिवा लावला नाही. तो असता तर या तीन जूनला त्याला साठ झाली असती, आणि त्याला बोट धरून चालवायला मोठा भाऊ मी होतो.

म्हणून मी खेळणार आहे. आता भीतीने नाही, तेव्हा तू घाबरू नकोस. उलट मला अंगात बळ आल्यासारखं वाटतं. साठ होल त्याचे. कार्डावर त्याचं नाव लिहायचं, आणि त्याचा दिवस त्याला परत करायचा. मग पुढे कार्तिकात माझा करू, तू म्हणशील तसा, माठाजवळ बसून.

तुम्ही त्याला काय म्हणत होता? एवढंच लगेच कळव. दोन तारखेपर्यंत पत्र मिळायला हवं.

रूपा

*

अल्लीपूर
२९ मे १९७८

चि. रूपा,

हे पत्र तानबाच्या हाती हिंगणघाटला टाकायला देते आहे, म्हणजे लवकर पोचेल.

मी तुला थांबवायला लिहिलं आणि तू भलतंच काढलंस. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या पोराला कसला खेळ आणि कसलं कार्ड? तुला काही करायचंच असेल तर इकडे ये. आपण दोघं बसू, दिवा लावू, शोभा पुरण घालेल. माझा गुडघा धरला आहे, एसटीत पाय टाकता येत नाही, नाहीतर मीच येऊन तुझ्या दारात बसले असते.

तो फार लहान होता, म्हणून मी त्याला टिल्या म्हणायची. नाव ठेवलेलं नव्हतं.

सांगितलं. आता जाऊ नकोस. मी तुला हात जोडते. आजवर तुला हात जोडले नव्हते.

अक्का

*

सिंदी मेघे
२१ जून १९७८

ती. अक्कास मंदाचा नमस्कार.

तेरवीला तुम्ही तानबाच्या बैलगाडीतून आलात, पण माणसांच्या गर्दीत दोघींना बोलता आलं नाही. तुम्ही कोपऱ्यात बसून होतात. मलाही धीर झाला नाही. म्हणून लिहिते.

सदाशिवराव काल येऊन गेले. त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं, ते तुम्हाला कळावं. आदल्या रात्री हे त्यांच्याकडेच उतरले होते. तुमचं पत्र दोन तारखेच्या टपालाने आलं आणि हे ते खिशात घालूनच गाडीत बसले. पहाटे मैदानावर यांनी सदाशिवरावांना त्या दीड वर्षाचं सांगितलं आणि वाकून पाया पडायला लागले. ते म्हणाले, "रूपराव, मी कवाच विसरलो. तुमी काऊन जीव लावून राह्यले त्याले?" यांनी ऐकलं नाही. मग कार्डावर नाव लिहिलं, टिल्या नानाजी.

सकाळी छत्तीस होल झाले. खुशीत होते म्हणे, मध्ये गुळपाणी घेतलं. अकरा ते चार निंबाखाली पडले, पण झोपले नाहीत, पाळण्यातल्या पोराचं काहीबाही विचारत होते, जे सदाशिवरावांना कुठून माहीत असणार. चारनंतर पुन्हा सुरुवात केली. ऊन तसंच होतं. सत्तेचाळीसावा होल झाल्यावर यांनी फळी घेतली, वाळूवरची आपली पावलं पुसली आणि तिथेच बसले. सदाशिवराव म्हणाले, पुरे करा. हे म्हणाले, "टिल्याचे तेरा उरले. उठतो मी." उठले नाहीत. जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

अक्का, मी तुमच्यावर राग धरलेला नाही. तुम्ही त्यांना वाचवायलाच लिहिलं होतं. मला फक्त एक विचारायचं आहे. मृत्यूची नोंद नीट करायची आहे. आमचा मुलगा म्हणतो साठ लिहू, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. पण जाण्याआधी हे मला बजावून गेले होते, "आता कुठंई खोटी तारीख नोको. कार्तिक, सोळा साल." ऑफिसातूनही त्यांच्या पत्रावर विचारणा आली आहे, पुरावा मागतात. ते सगळं पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही सहीनिशी लिहून द्या, म्हणजे त्यांच्या मनासारखं होईल.

मंदा

*

अल्लीपूर
२६ जून १९७८

मंदास आशीर्वाद. आशीर्वाद द्यायचा मला हक्क राहिला आहे की नाही, ते पत्र वाचून तू ठरव.

साठच लिहा. शाळेचा दाखला खरा आहे. तीन जून १९१८, सकाळी, घरातच. मी दारात उभी होते.

ते मी रचलं होतं.

मला वाटलं, याला एका आकड्याचं भय आहे, तर आपण आकडा मागे सरकवून देऊ. साठ मागे पडली असं कळलं की निवांत होईल, काठ्या ठेवील. दोन रात्री बसून मी ते पत्र जुळवलं. सीतादहीच्या दिवशी शेतात झाला तो बबन, ते मी रूपाला चिकटवलं. मानमोडी खरी, माय गेली ते खरं. कोतवालाच्या बुकात नावं नसतात हे मला माहीत होतं, म्हणून ती गोष्ट बसली. स्टोअरचा खिळान्‌खिळा मोजून घेणारा माणूस, तहसीलीत जाऊन एकदा बुक पाहावं असं त्याच्या मनात आलं नाही. अक्काने लिहिलं ना, मग झालं.

मला वाटलं होतं, तो हसेल. हसलासुद्धा, एक रात्र. पुढचं मला सुचायला पाहिजे होतं. मीच वाढवलेलं पोर. लहानपणी कोणाची पेन्सिल चुकून दप्तरात आली तर रात्री उठून परत द्यायला निघायचा. असल्या माणसाला मी सांगितलं की तुझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तारखेवर काढलंस, आणि वाट बघत बसले की आता तो आराम करेल.

त्याने नाव विचारलं तेव्हा तरी मी खरं लिहायचं होतं. त्या दिवशी कागद समोर होता, शाई होती, वेळ होता. पण वाटलं, आता खोटं उघडं केलं तर भीती दुपटीने परत येईल, आणि माझा शब्द तो पुन्हा कधी मानणार नाही. खरं सांगते, लाजही वाटली. म्हणून मी आणखी एक ओळ लिहिली.

मंदा, माय गेली तेव्हा पाच महिन्यांचं पोर होतं हे खरं आहे. ते मेलं नाही. सगळे म्हणत होते की हे दोन दिवसांचं आहे, बाबांनी तर खड्ड्याची जागाही बघून ठेवली होती. मी दहा वर्षांची होते. शेजारच्या शेळीचं दूध चिंधी भिजवून मी त्याच्या तोंडात पिळत होते, दिवसा आणि रात्री. माय असताना बारसं राहून गेलं होतं, मग करायला कोणी नव्हतं, म्हणून मीच त्याला हाक मारायची, टिल्या. चालायला लागला तेव्हा बाबांनी रूपराव नाव ठेवलं आणि मागचं नाव सगळे विसरले.

साठ वर्षांनी ते पोर मी कागदावर मारलं, आणि त्याने ते वाचून मला विचारलं की त्याला तुम्ही काय म्हणत होता.

सदाशिवरावांना कळव की त्यांचं दीड वर्ष कोणी खाल्लं नव्हतं. ऑफिसलाही लिहा की बहिणीने चूक सांगितली होती, तारीख बरोबर आहे. कुठे सही लागत असेल तर तानबाच्या हाती कागद पाठव, मी करीन. आणि नोंदीत वय लिहाल तेव्हा पूर्ण साठ लिहा, एक दिवसही कमी लिहू नका.

रुख्मा